खड्ड्याची घागर

४ एप्रिल १९८६
उदगीरबाहेरच्या शीतगृहावर वायरमन म्हणून रुजू झालो! मुदखेडहून येताना आईनं दिलेली लोणच्याची बरणी एसटीत फुटली नाही, हेच नवल. जिल्हा नवा, इमारत नवी, आणि माणूस मी एकटाच. मशीन अजून यायची आहेत. मालक गुरुपादप्पांनी स्वतः फिरवून दाखवलं. गारवा जमिनीत मुरू नये म्हणून फरशीखाली थर्माकोल आणि डांबर घातलंय, म्हणजे इमारतीचा मातीशी संबंधच तुटला. म्हणून दार, पत्रे, खांब, सगळं लोखंड तांब्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडून ती पट्टी आतल्या भोकातून खाली अर्थिंगच्या खड्ड्यात सोडलीय. भोकात हात सहज जातो. लोखंडात उतरलेली वीज ओल्या मातीत निघून जावी म्हणून त्यात रोज एक घागर पाणी ओतायचं, एक दिवसही चुकवायचं नाही, असं मालकांनी दोनदा बजावलं.

९ एप्रिल
टँकर दिवसाला दोनच घागरी देतो, एक मला, एक खड्ड्याला. शेजारच्या वस्तीवरची मल्लम्मा मावशी सकाळी आठला भाकरी आणते, तेवढाच माणसाचा आवाज. भिंती इतक्या जाड, की आत कितीही ओरडा, बाहेर काही येत नाही. आम्ही दोघांनी करून पाहिलं आणि पोट धरून हसलो. तिची सून बाळंत झालीय आणि घरात प्यायला पाणी नाही. इथं एका बल्बपुरती लाईट, तर खड्ड्याचे कसले लाड? उद्यापासून ती घागर मावशीला. मालकांना कोण सांगतंय!

१५ एप्रिल
दाराची कडी धरली आणि हाताला मुंग्या आल्या. मेन बंद करून फ्यूज खिशात टाकला. तरीही बाहेर उभं राहून लावलेला टेस्टर पेटला. आत फरशीवरून तेच दार धरलं तर काही नाही. पाय मातीला टेकला की मात्र झटका बसतो, आणि कालच्यापेक्षा आज जास्त. मावशीला बोललो नाही. घाबरून यायची थांबली, तर दिवसभर बोलू कुणाशी?

१७ एप्रिल
मावशी आज आपणहून सांगत होती. माझ्या आधी इथं वीरण्णा नावाचा वायरमन होता, तो मागच्या उन्हाळ्यात दारातच गेला. ‘‘ऊन लागलं म्हणतेत, बाबा. हात कडीवरच व्हता.’’
तिला आता सांगायलाच हवं होतं. नाही सांगितलं.
ती गेल्यावर टँकर आला, तशा दोन्ही घागरी खड्ड्यात ओतल्या, माझ्या पिण्याचीसुद्धा. खाली नुसती भेग. पट्टीचं टोक मातीपासून हातभर वर लोंबतंय.

१८ एप्रिल, दुपार
पट्टीला तार जोडून खाली सोडली. खालून कुणीतरी ती सावकाश ओढली. तोडून नेली.
दाराकडे पळालो. तेवढ्यात वावटळीनं दार आपटलं, बाहेरची कडी पडली. आतली मूठ बसवायची राहिलीय.

संध्याकाळ
घसा बसला. कुणाला ऐकू जाणार?

१९ एप्रिल
सात वाजलेत. टॉर्च मंद झालाय. आठला ती येईल. अनवाणी. मी दिसलो नाही की कडी उघडेल —
माझ्या एकटेपणापायी तिला मारतोय मी.

पावणेआठ
पट्टी गुडघ्याखाली दाबून धरलीय. डावा हात भोकात, खांद्यापर्यंत. बोटांना माती लागली. जाऊ दे, सगळं माझ्यातून जाऊ दे. दंड जळतोय — तिला लागू नये, एवढंच —

कडी वाजली.

उजेड. तिचे पाय. उभी आहे. धड आहे! काय करायलास म्हणून विचारतेय — सांगतो, मावशी, आता सगळं सांगतो — हात काढला की —

निघत नाही. खाली कुणीतरी बोटांत बोटं —