अव्वा पेवावर बसली त्याची हकिगत

मुक्काम अणदूरनजीक,
पौष वद्य पंचमी, शके १८७०

तीर्थरूप उमाक्का यांच्या पायी धाकट्या मल्लिकार्जुनाचा साष्टांग शरणार्थ. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगे जमिनीला टेकली आहेत. उरलेली चार मनाने टेकवली, असे समजावे.)

प्रथम तक्रार. आपल्या मागल्या पत्रात आपल्या माहेरच्या म्हशीच्या प्रकृतीची चौकशी साडेतीन ओळी आहे आणि माझ्या प्रकृतीविषयी 'तू बरा असशीलच' एवढेच. धर्मशास्त्रात पाठच्या भावाचा क्रम म्हशीनंतर लावलेला मला तरी आढळला नाही. तुमच्या सोलापुरात तशी एखादी नवी पोथी निघाली असल्यास टपालाने पाठवावी, वाचून गप्प बसेन. म्हैस उत्तम आहे. दूध द्यायचे की नाही हे तिचे ती ठरवते. दाजींचा दमा थंडीत कसा आहे ते मात्र खरेच कळवा.

आता मुख्य गोष्ट. अव्वाला जाऊन येत्या माघात वर्ष होईल. आपल्या रानात तिला जिथे समाधी दिली (आयुष्यभर जिला दोन घटका खाली बस म्हटले तर रागवायची, ती आता आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिथे निवांत बसली आहे), तिथे ओटा बांधून शिळा लावावी, असे गावाने ठरवले. गावाने म्हणजे पाटलाच्या बंडप्पाने. पोलीस ॲक्शन झाल्यापासून तो पांढऱ्या टोपीशिवाय दिसत नाही, आंघोळीचे मला ठाऊक नाही. पंधरवड्यापूर्वी तो एक उर्दू कागद घेऊन आला आणि तो माझ्या कपाळाला लावून म्हणाला, "शास्त्रीबुवा, रुद्रम्माचा इतिहास घावला!"

कागद कोणता म्हणाल, तर निजामाच्या राज्यात लेव्हीचे धान्य वसूल करायला गिरदावर आपल्या दारी आला होता, त्याने त्या दिवशी लिहिलेला पंचनामा. रुद्रम्मा नावाच्या विधवा बाईने पेवाच्या तोंडावर ठिय्या देऊन सरकारी कामात दिवसभर अडथळा आणला, असा त्यात मजकूर. अव्वाबद्दल जगात लिहून ठेवलेले एवढेच, तेही तक्रारीत.

तुम्ही तेव्हा माहेरपणाला आला होता, म्हणून तुम्हाला सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे. तरी सांगतो, कारण बंडप्पाची हकिगत चारदा ऐकल्यापासून माझीच मला खरी वाटेना. गिरदावर सकाळीच आला. त्याला त्या दिवशी आणखी तीन गावे उरकायची होती. जमिनीतल्या जोंधळ्याच्या पेवावरची माती ओढून शिळा सरकवली न सरकवली, तोच त्याने महबूब चपराशाला दोर बांधून आत उतरायला फर्मावले. महबूब आपल्याच वेशीतला, पण त्याच्या घरी पेव कुठले! एक पाय आत टाकून तो उभा. अव्वा परसातून आली, त्याची गचांडी धरून त्याला बाहेर ओढला आणि स्वतः तोंडावर बसली. (देह चिमणीचा, पण पेवाचे तोंडही तेवढेच असते.)

"अम्मा, हटो. सरकारी हुकूम है."

"हुकूम वर हाय, सायब. खाली वारं हाय कोंडलेलं. त्याला तुमचा हुकूम वाचाया येत न्हाय."

मग महबूबकडे वळून, "तुजी आई हाय का रं?"

"हाय, अम्मा."

"मग गप बस तितं सावलीला."

पेव उघडले की दिवसभर वारा खाऊ द्यायचा, कंदील सोडून पाहायचा, मगच माणूस सोडायचा, नाहीतर तो आत गुदमरून मरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. गिरदावर पडला हैदराबादचा; त्याला वाटले, बाई जोंधळा दडवते. त्याने कागद काढला. अव्वाने बसल्या जागेवरून तुम्हाला हाक मारून सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढायला लावली. उजव्या हाताने भाकरी मोडत त्याच हाताने तिच्याविरुद्ध पंचनामा लिहिणारा अंमलदार मी पाहिला तो पहिला आणि शेवटचा. कागदावर चटणीच्या तेलाचा डाग आहे. बंडप्पा तो रक्ताचा असल्याचे सांगतो.

दुपारी तिने कंदील सोडला. निम्म्यात जाण्याआधीच विझला. गिरदावराने महबूबकडे पाहिले, महबूबने दोराकडे, आणि दोघांनी पुन्हा भाकरी मागून घेतली. दिवस मावळायला आला तेव्हा कंदील तळाशी जाऊन तेवत राहिला. तेव्हा ती उठली, लुगडे झटकले आणि म्हणाली, "जा आता. सांभाळून उतर." लेव्हीचा जोंधळा तिने शेरभरही कमी दिला नाही. पंचनामा मात्र गिरदावराने फाडला नाही. एवढे लिहून झाले होते, वाया कसे घालवायचे!

अक्का, आपली आई ही अशी. तिशीत कपाळ पांढरे झाले, चाळीस एकर रान तिने एकटीने राखले, अक्षर ओळखीचे नाही आणि मला पाठशाळेत घातले. सुट्टीत आलो की जोंधळा निवडता निवडता श्लोक म्हणायला लावायची आणि मी अडखळलो की एका शब्दाचा अर्थ न कळता बरोबर तिथेच हात थांबवायची. माझ्या गुरुजींनाही ते साधत नसे. तिची किती म्हणून थोरवी सांगू? पण बंडप्पाला ही थोरवी नको आहे. 'निजामाच्या माणसांना धूळ चारणारी रणरागिणी' अशी शिळा त्याला हवी. (तो स्वतः त्या दिवशी कडब्याच्या गंजीत दडून होता. संध्याकाळी केसांत पाचोळा घेऊन बाहेर आला. हे शिळेवर येणार नाही.) श्लोक मी करावा, असा हुकूम झाला. आणि मी केला, अक्का! अव्वाच्या हाती खड्ग दिले, गिरदावराला महिषासुर केले, वृत्त एका जागी अडखळले नाही. बंडप्पाने सभेत वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मला लाज वाटायला पुरते दोन दिवस लागले. भाकरी मोडायचा हात, त्यात मी तलवार कोंबली.

घरी सर्व खुशाल. मुलांना आशीर्वाद, दाजींना शरणार्थ.

आपला,
मल्लिकार्जुन

ता. क. पुण्यतिथीला येताना सोलापुरी चादर आणावी. जुनी म्हशीच्या अंगावर आहे.

ता. क. दुसरा. चादर नाही आणली तरी चालेल, तुम्ही या. महबूबचे घर गेल्या भाद्रपदात पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जळाले. तेव्हापासून तो बायकोमुलांसह नळदुर्गला मेहुण्याच्या ओसरीत आहे. त्याला गावात परत यायचे आहे. बंडप्पा आणि त्याची मंडळी म्हणतात, जो रुद्रम्माशी लढला त्याला या पांढरीत जागा नाही. तो लढला नाही, तिने त्याला जिवंत ठेवला, हे डोळ्यांनी पाहिलेली, त्याच्याखेरीज, आपली माणसे आता दोनच : तुम्ही आणि मी. त्याचा निरोप आला होता, 'शास्त्रीबुवा, तेवढं सांगा लोकांना.' मी उत्तर दिले, 'बघू.'

ता. क. तिसरा. कंबर दुखते हे खोटे. अक्का, मी भ्यालो आहे. श्लोक परत घेतला तर उद्या माझ्याही घराकडे बोट दाखवतील, असे वाटते. पुण्यतिथीला महबूब येणार आहे, बोलावले नाही तरी. अव्वाला माती घालायला आला होता तसाच. त्याला पंगतीत बसवायला मी उठेन की पानाकडे बघत राहीन, हे मला अजून ठाऊक नाही.