निरोगी माणसाचा तुकडा

४ जानेवारी, अमरावती
पीएचडी यंदा पूर्ण करायचीच. वय झालं ही सबब बंद.
आतड्याच्या पेशीवर साखरेच्या साखळ्यांची लव असते. कॅन्सर होऊ लागला की साखळ्या अर्धवट राहतात आणि आतली झाकलेली साखर उघडी पडते. शेंगदाण्यातलं एक प्रथिन नेमकं तिलाच चिकटतं. स्लाइडवर तपकिरी डाग. निरोगी पेशी कोरी. माझा प्रबंध या डागावर उभा आहे.
तुलनेला निरोगी माणूस हवा. दुसऱ्याच्या आतड्यावर डोळा ठेवणं नैतिक नाही. स्वतःचंच देणार.

११ जानेवारी, अकोला
पोटाच्या डॉक्टर गजालाबाईंकडे कोलोनोस्कोपी. तसंही दिवाळीपासून रक्त पडतंय. मूळव्याध. तरी स्वतःला निरोगी म्हणावं का, यावर गाडीत बडनेऱ्यापासून प्रामाणिक विचार केला. मूळव्याध दाराशी असते, घरात नाही. म्हणावं.
बाईंनी एका लालसर जागेचे तुकडे घेतले. एक मला दिला. लाली ठेच्याची, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, मजाक नको, रिपोर्ट घ्याले या.
रिपोर्ट कशाला? मीच बघणार आहे.

२ फेब्रुवारी
निरोगी तुकडा तपकिरी! रोग्यांच्या तुकड्यांपेक्षा गडद.
कुणीतरी तुकडा बदलला. काम देवानंदचं. तोही याच लॅबमध्ये पीएचडी करतो. पुरावा नाही, हे मान्य. तरी कॉलर धरली. तो म्हणाला, काहून बे, पागल झाला का? तुह्या आतड्याचं मले काय लोणचं घालायचं हाय? म्हणणं पटण्यासारखं होतं, म्हणून जास्त राग आला. ठोसा मारला. त्यानं माझा गळा धरून पाठीत स्टूल घातलं.
घरी बायकोला, रागिणीला सांगितलं, दारावर आपटलो. ती म्हणाली, दाराले बरी बोटं हायेत.
संकल्प : यापुढे हिंसा नाही.

९ फेब्रुवारी
पाणी बदलून पुन्हा रंगवलं. पुन्हा तपकिरी. रसायन खराब असणार. बाटली भिंतीवर फोडली. मग शेजारच्याही फोडल्या. त्या चांगल्या होत्या.
नुसती सूज असली तरी डाग पडतो, असं एका पेपरात सापडलं. विरुद्ध सांगणारेही पेपर आहेत. ते सावकाश वाचणार.
गजालाबाईंचे फोन येतात. उचलत नाही. निष्कर्षाआधी संशोधकावर कुणाच्या मताचा प्रभाव पडू नये.

१७ फेब्रुवारी
देवानंदनं न विचारता स्लाइड पाहिली. बराच वेळ पाहिली. म्हणाला, लेका, स्लाइड बरोबर हाय. तू अकोल्याले जाय.
स्लाइडचा डबा फेकून मारला. कपाळ फुटलं त्याचं. उलटून मारलं नाही त्यानं. तेच मला आवडलं नाही.

२० फेब्रुवारी
उलगडा झाला! तुकडा अकोल्यातच बदलला. देवानंद निर्दोष. माफी मागेन, प्रबंधाच्या प्रस्तावनेत.
उद्या जातो. बाईमाणसावर हात उचलणार नाही. टेबल फोडणार.

२१ फेब्रुवारी, अकोला स्टेशन, दुपार
फोडलं. काचेचं निघालं. हाताला टाके.
ते गजालाबाईंनीच घातले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सर, कवाची फोन करून राहिली मी. तुकडा कोणी बदलला नाही, तुमचाच हाय. कॅन्सर हाय. ऑपरेशन करून घ्या, देर नका करू, अजून आपल्या हातात हाय.
मी विचारलं, म्हणजे माझी टेस्ट चालते?
त्या म्हणाल्या, चालते.
क्षणभर आनंद झाला. प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.
मग रागिणीला फोन लावला. मूळव्याध नाही, एवढंच सांगता आलं. ती खूश झाली. म्हणाली, मंग लवकर या, पातोडीची भाजी टाकते.