पाठ ठणठणीत आहे

१२ मार्च

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

दोन महिने तुम्हाला काहीच लिहिलं नाही, याची माफी मागतो. तुम्ही रागावला आहात हे ठाऊक होतं. पण मी घरी का बसलोय हे लपवायला तुम्ही सगळ्यांना माझी पाठ धरल्याचं सांगितलंत, हे आज कळलं.

काकांचा फोन आला. "पाठ कशी आहे रे? जड उचलू नकोस."

तेव्हा तुमची नात माझ्या खांद्यावर होती.

"पाठ ठणठणीत आहे, काका. सरकारने आता बापांनाही भरपगारी रजा दिलीय. बायको कामावर जाते, मी मुलीला सांभाळतो."

"लंगोटसुद्धा बदलतोस?"

"तुमच्याशी बोलत बोलत तेच करणार आहे."

काका हसले. मग म्हणाले, "तुझ्या बापालाही तुला घ्यावंसं वाटायचं. पण आमचे वडील समोर असले की पाळण्याकडे बघायचीही चोरी."

अण्णा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

नियम नसता तर मी घरी राहिलो असतो का? खरं सांगतो, नसतो राहिलो. पण नियमाने रजा दिली, तुम्ही रचलेलं आजारपणाचं सोंग मात्र मलाच टाकावं लागलं. टाकलं, आणि मला बरं वाटतंय.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही ते घडी घालून ठेवाल आणि विषय तिथेच संपेल.

तुमचा,
धाकटा

उद्या: मुलगी जागी असताना अण्णांना फोन लावायचा.