राखेतली पावलं

सर,

आज आमचं मशीन तीन पायांवर चाललं. तसं ते चार पायांचं आहे, उंचीनं आपल्या पिंगळी गावातल्या शेळीएवढं. कापसाच्या ओळींमधून कुणी न हाकता त्यानं आपलं आपण फिरावं, झाडं बघावीत, म्हणून आम्ही इथे पुण्यात बरीच वर्षं त्याच्या मागे लागलो आहोत. आज मी मुद्दाम त्याचा पुढचा डावा पाय काढून ठेवला आणि म्हटलं, चल आता. सकाळभर ते आपटत राहिलं. जेवणाच्या सुट्टीआधी मात्र उठलं आणि लंगडत थेट भिंतीपर्यंत गेलं. मी इतक्या टाळ्या पिटल्या की शेजारच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून धावत आली. त्यांना काय सांगणार? सांगायचं होतं ते तुम्हाला, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली.

आमचं करडू आठवतं का? मी आठवीत होते, तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात. रुळाकडेला चरताना मालगाडीखाली त्याचा पुढचा डावा पाय गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, जखमही भरली, पण ते काही उठेना. त्याची आई वितानाच मेलेली, मीच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. बाबा म्हणाले, "बाजारापस्तोर बघू. कळपासंगं चरायला गेलं तर ऱ्हाईल, न्हाई तर खाटकाला देऊन टाकू." बाबा वाईट नव्हते हो, पण बसून खाणारं जनावर त्यांनी कधी ठेवलं नव्हतं. मी रडून रडून डोळे सुजवून घेतले आणि शाळेत सगळं तुम्हाला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळे शाळेला कुलूप लागलं. तरी तुम्ही परभणीहून पॅसेंजरनं उतरून सरळ आमच्या दारात! एका हातात मोडक्या बाजेचा लाकडी खूर, खांद्यावर सायकलची जुनी ट्यूब. तुम्ही बौद्ध, आमचं घर पाटलांच्या आळीतलं, आणि कोण कुणाच्या ओसरीवर बसतो हे गाव त्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून बघत होतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर थबकलात. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "आत या की सर, करडू आत हाय." मग घरातल्याच कपात चहा दिला. आमच्या घरात तसं पहिल्यांदाच घडत होतं, पण करडाच्या गडबडीत कुणी चकार शब्द काढला नाही. तुम्ही चहा प्यालात आणि लगेच बाजेचा खूर तासायला बसलात.

तो पाय तुम्ही ट्यूबनं इतका झकास बांधलात की मला वाटलं, जिंकलं! मग त्याची कवायत सुरू झाली. आधी हा पाय, मग तो. तुम्ही एकेक पाय उचलून पुढे ठेवता, करडू तो मागे घेतं आणि खाली बसतं. तुम्ही त्याला हजेरी घेतल्यासारख्या हाका मारता, ते तुमच्या शर्टाची बाही चघळतं. बंद चालू राहिला, तुमच्या फेऱ्याही. "लय हट्टी हाय बुवा," तुम्ही कपाळाचा घाम पुसत म्हणता, "पाठांतरच करंना!" पाऊल कुठे चुकतंय ते दिसावं म्हणून तुम्ही आईकडून चुलीतली राख मागून घेतलीत आणि सारवलेल्या अंगणभर पसरलीत. आईनं कपाळाला हात लावला.

बाजाराच्या आदल्या सकाळी शेळ्या चरायला निघाल्या. करडू ओरडलं आणि असं काही हिसडलं की ट्यूब सुटून लाकडी पाय राखेत पडला. ते तोंडावर आपटलं. उठलं, पुन्हा आपटलं. मी धरायला धावले तर तुम्ही माझी वेणीच ओढलीत. "हात लावू नको! पडू दे त्याला. हाक मार फकस्त." तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढं एकदाच. मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले आणि जिभेनं टक् टक् करत, येऽ येऽ म्हणत राहिले. ते पडलं, उठलं, मान एकीकडे टाकून बघितली, दुसरीकडे टाकून बघितली. आणि आलं, सर! माझ्या फ्रॉकवर नाक घासत उभं राहिलं.

तुम्ही मात्र गुडघ्यांवर बसून राख बघत होतात, पँट पांढरी झालेली. "बघ बघ, पुढचा पाय पार मधी, छातीखाली ठिवायलंय! ह्ये त्याला कुनी शिकवलं? म्या तर न्हाई." मी म्हणाले, "पडून पडून कळलं असंल, सर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि जे हसायला लागलात ते थांबेचनात. "अन् मी इतके दिवस कवायत घ्यायलो त्येची!" दुसऱ्या दिवशी ते कळपामागे, सगळ्यात शेवटी, पण गेलं. बाबा फाटकाशी उभे होते. म्हणाले, "जाऊ द्या. जातंय तर जातंय." पुढे त्याला दोन पिलं झाली तेव्हा तुम्ही त्यांचे पाय मोजून म्हणालात, "ह्यांला एकेक जास्तीचा दिलाय, उगं लाड!"

इथेही तसंच झालं, सर. कुठला पाय तुटला तर काय करायचं याच्या सूचना माझ्या हाताखालच्या मुलांनी खपून लिहिल्या होत्या. तोही बाजेचा खूरच. मी म्हटलं, ठेवा बाजूला. त्याला एवढंच सांगा की पुढे जायचंय. पडलं तर वेगळं काही करून बघ, जमलं ते धरून ठेव. मग फरशीवर रांगोळी पसरली. मुलं एकमेकांकडे बघून हसली. ते भिंतीशी पोचलं तेव्हा त्याच रांगोळीत पुढच्या पायाचा ठसा उमटला होता, मधोमध.

विद्यापीठाचं नाव अखेर बदललं तेव्हा तुम्ही पेढे घेऊन आमच्या घरी गेला होतात, आणि आईनं तुम्हाला थेट चुलीपाशी पाट मांडला होता. मी तेव्हा पुण्यात शिकत होते, तो दिवस हुकला याची मला अजून रुखरुख आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते ड्रॉवरमध्येच राहील. पण मुलांना न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगते. ते पडत होतं तेव्हा माझे हात शिवशिवत होते, म्हणून मी ते पाठीमागे धरून भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून जिभेनं टक् टक् केलं, येऽ येऽ म्हटलं. त्याला आम्ही कान बसवलेलेच नाहीत. हे तुम्हालाही ऐकू येणार नाही, ठाऊक आहे मला. पण ते आलं, सर.