टाळी न वाजवणाऱ्यांचा नंबर

४ फेब्रुवारी
सिनेमा पूर्ण. निवडणूक तोंडावर असताना सत्तेतल्या साहेबांवर असा सिनेमा काढायला छाती लागते. लोक पोट धरून हसतील आणि हसता हसता शहाणे होतील. या खेपेला साहेब पडणार, लिहून ठेवतो.
हुकमी सीन भाषणाचा. आमचा पडद्यावरचा पुढारी टीव्हीवर सांगतो, जो टाळी वाजवत नाही तो आपला नाही, त्याचं नाव कळवा. खाली फोन नंबर. नंबर खरा, मुद्दाम नवा फोन घेतला. तपशिलात मी तडजोड करत नाही. बायको म्हणाली, नंबर तेवढा काढून टाक. ती शाळेत शिकवते, तिला सगळीकडे चुकाच दिसतात.

१९ फेब्रुवारी
पहिला शो. भाषणाच्या सीनला कोणी हसलं नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. बायकोचे हात मांडीवर होते. पलीकडच्या खुर्चीतले गृहस्थ पडदा सोडून तिच्याकडेच बघत होते. असो. सूक्ष्म विनोद उशिरा पोहोचतो, घरी जाऊन हसतील.
उद्यापासून सिगारेट बंद.

२३ फेब्रुवारी
फोन वाजायला लागला. एकाने सख्ख्या मेव्हण्याचं नाव कळवलं. एका बाईंनी वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब, पत्त्यासकट. काय टाइमिंग आहे आपल्या लोकांचं. सगळे कॉल रेकॉर्ड करतोय, पुढच्या सिनेमाला उपयोगी पडतील.
सिगारेट एकच. तीही आनंदाची.

१ मार्च
आज एक गृहस्थ अगदी अदबीने बोलले. शाळेतल्या एक बाई सिनेमाला आल्या होत्या, हात मांडीवर ठेवून बसल्या. बाईंचं नाव, शाळा, वर्ग, सगळं बरोबर. आमचीच बाई. जेवताना किस्सा रंगवून सांगितला. तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, मला भीती वाटतेय, ते आत्ताच्या आत्ता पुसून टाक. म्हटलं, उद्या पुसतो. विनोदबुद्धी उपजत असावी लागते.

६ मार्च
खऱ्या साहेबांनी सभेत माझं वाक्य म्हटलं. शब्दन्शब्द. दिवसभर सगळ्या चॅनेलवर तेच. बायकोला म्हटलं, बघ, कसे अलगद जाळ्यात सापडले. तिने विचारलं, कोण. तिला राजकारणात गती नाही.

९ मार्च
साहेबांचा प्रचारप्रमुख पुष्पगुच्छ घेऊन घरी आला. वाक्य चोरलं म्हणून त्याला कोर्टात खेचणार होतो, चार खणखणीत वाक्यं पाठ करून ठेवली होती. पण माणूस सिनेमाचा जाणकार निघाला. म्हणाला, तो फोन आम्हाला द्या, प्रत्येक जाहिरातीत मूळ कल्पना म्हणून तुमचं नाव टाकतो. विचार केला, नाव टाकलं की चोरीची कबुलीच झाली, घरबसल्या पुरावा. देऊन टाकला. रेकॉर्डिंगसकट. पुसायचं राहूनच गेलं होतं.

१३ मार्च
जाहिरात आली. माझं नाव आहे. टीव्हीला नाक लावलं तर दिसतं.
बायकोला शाळेने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, नाव वरून आलंय. योगायोग असतात. बायकोने विचारलं, तो फोन कुठे आहे. म्हटलं, दुरुस्तीला. निवडणूक झाली की सांगेन.
सिगारेट मोजणं बंद.

२८ मार्च
साहेब निवडून आले. समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळे गॅलरीत येऊन टाळ्या वाजवतायत आणि वाजवताना एकमेकांच्या हातांकडे बघतायत. बायको खिडकी लावून आत बसली. म्हटलं, दोन मिनिटं बाहेर ये, लोक बघतात. आली नाही. हट्टी आहे.

२९ मार्च, सकाळ
दोन माणसं आली, चौकशी आहे म्हणाली आणि बायकोला घेऊन गेली. तिचा चष्मा टेबलावरच राहिला. चष्म्याशिवाय तिला काही वाचता येत नाही, सही कशावर करतेय ते कसं कळेल.
नंबर पाठ होता, लावला. एका मुलीने उचलला, आवाज फार गोड. म्हटलं, एक नाव चुकून आलंय, काढायचंय. म्हणाली, सर, इथे नावं फक्त घेतो. म्हटलं, अहो, मूळ कल्पना माझी आहे. तिने माझं नाव विचारलं. सांगितलं. पत्ता विचारला. तोही सांगितला. मग ती काही बोलेना, नुसती थांबून राहिली.
मी फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि टाळ्या वाजवायला लागलो, तिला ऐकू जातील अशा.