कोटामागचे चिमटे

बाबा,

दोरीवरचे चिमटे शोधत बसू नका, माझ्या बॅगेत आहेत. काल फोटोसाठी तुम्हाला कोट घातला, तेव्हा पाठीमागून तेच लावले होते. फॅशन फोटोग्राफीच्या वर्गात ही युक्ती शिकवतात. ढगळ कोटही समोरून अंगाबरोबर दिसतो. फोटो झकास आलाय, अगदी नवरदेव दिसताय!

पण घट्ट होतो म्हणून गेल्या वर्षी हाच कोट तुम्ही बाजूला टाकला होता. "डाएट करतोय" ही थाप आईला पटेल, मला नाही. चिमटे मी लावलेत.

वर्गात फोटो दाखवून दुपारी येते, मग दोघं डॉक्टरांकडे जाऊ. आईला मी सांभाळते. जेवण झाकून ठेवलंय, निमूटपणे संपवा. कोट खुंटीवरच राहू दे. पुढचा फोटो चिमट्यांशिवाय काढायचाय.

ढब्बू