कोलंबीच्या शेडचं मस्टर

१५ नोव्हेंबर २०१०
डोकं फिरलंय! गुणाबाई आज कोलंबी सोलायची सोडून सरकारी पत्रक नाचवत माझ्या हिशेबाच्या टेबलापाशी आली. "म्याडम, नवा दर आलाय. आमाला किलोवर नाय, रोजावर पैसं पायजेत." अक्षर वाचता येत नाही, पण 'किमान वेतन' पाठ! सव्वीस दिवस धरले तर ह्या बायका माझ्यापेक्षा जास्त घेणार. मी बी.कॉम. आहे!

१६ नोव्हेंबर
दयारामशेठ भडकले. "परवडत नाही. उद्यापासून निम्म्या बायका घरी." यादी मलाच करायला लावली. पहिलं नाव गुणाबाईचं लिहिलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू!

१९ नोव्हेंबर
पळस्पे नाक्यावर काढलेल्या बायका बसल्या होत्या. "आली शेठची चमची!" — मला ऐकू जाईल असं. निर्लज्ज! घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "नीता, तूही पगारावरच आहेस की." कंपनी बंद पडल्यापासून घरी बसलेत, खांदा कॉलनीतलं भाडं मी भरते, आणि वर हे शहाणपण. बोलणं बंद केलंय.

२२ नोव्हेंबर
काढलेल्या बायका लेबर ऑफिसात गेल्या. जाऊ देत खड्ड्यात.

२५ नोव्हेंबर
उद्या लेबर ऑफिसर येणार. हजेरीचं मस्टर लावून ठेवलं. अकरा वर्षांचं, सगळं माझ्या हातचं. पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले होते, "तुमचंही नाव टाका." मी म्हटलं, छे! मी काय कोलंबी सोलते? बायकांच्या खाली माझं नाव नको. पगार पाकिटातून घेत आले. मान राहतो.

२६ नोव्हेंबर
साहेबांनी सांगितलं — मस्टरवर नाव असेल त्या सगळ्यांना नव्या दराचा फरक द्या. शेठ ओरडले, "मग शेडच बंद!" मी विचारलं, "आणि माझं?"
शेठ साहेबांना म्हणाले, "ह्या? ओळखीच्या आहेत. अधूनमधून मदतीला येतात."
अकरा वर्षं, मेल्या! साहेबांनी पानं उलटली. नाव कुठेच नाही. माझ्याच अक्षरात नाही. बायका बघत होत्या. लाज वाटली. साहेब म्हणाले, "अर्ज करा. साक्षीदार आणा." कुठून आणू? मला कोण ओळखतं तिथे?

२९ नोव्हेंबर
अर्ज द्यायला गेले, तर लेबर ऑफिसात गुणाबाई माझ्याआधी येऊन बसलेली. मी बोलावलं नव्हतं. "लिवा सायेब. ही बाय बी आमच्यातलीच हाय. अकरा वरसां रोज येते." अंगठा उठवला. त्याच्या खाली मी सही केली.